गटाची वही संगणकात, मग कुलूप कुठे?

आम्ही उलव्याहून बोलतोय, बचत गटांचं काम पाहणाऱ्या बायका. आजचा विषय आहे घरातला संगणक, त्यावर येणारे फसवे ईमेल आणि गुपचूप शिरणारे व्हायरस.

विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे पोरांचं काम, आम्हाला काय करायचंय? थोडं थांबा. तुमच्या गटाचा जमाखर्च आज कुठे आहे? पूर्वी तो लाल पुठ्ठ्याच्या वहीत असायचा आणि वही पत्र्याच्या पेटीत. आता पुष्कळ गटांत एखादीच्या मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेल्या संगणकावर एक्सेलचा तक्ता असतो. कोणी किती बचत भरली, कोणाचं अंतर्गत कर्ज किती बाकी आहे, बँकेचा हप्ता कधी, सगळं त्यात. त्याच्याच शेजारी सगळ्या सभासदांच्या आधारकार्डांचे आणि पॅनकार्डांचे फोटो, बँकेचं पासबुक, बैठकीचे ठराव. मसाल्याच्या आणि पापडाच्या ऑर्डरींचे ईमेलही त्याच संगणकावर येतात. म्हणजे दहा-बारा घरांची कागदपत्रं एका घरात ठेवलेली. त्या घराचं दार उघडं राहिलं, तर नुकसान एकटीचं होत नाही.

बंदरात काय घडलं होतं

आमच्या उलव्याहून उरणच्या दिशेला निघालं की न्हावा शेवाचं बंदर लागतं. आपल्या भागातली कितीतरी माणसं तिथं कामाला जातात. २७ जून २०१७ या दिवशी, मंगळवारी, या बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक बंद पडले. कंटेनर कुठला, कोणाचा, कोणत्या बोटीवर चढवायचा, ही सगळी माहिती संगणकात. ती दिसेनाशी झाल्यावर काम ठप्प झालं. क्रेन धड होत्या, माणसं हजर होती, बोटी आलेल्या होत्या. पण यादीच नाही, तर उचलायचं काय आणि ठेवायचं कुठे? कंटेनरचे ट्रेलर खोळंबले आणि हातानं नोंदी करून जमेल तेवढं काम करायची वेळ आली.

हे टर्मिनल ज्या उद्योगसमूहाचं, त्या डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे जगभरातले संगणक त्या दिवशी बंद पडले होते. त्या व्हायरसला पुढे 'नॉटपेट्या' हे नाव मिळालं. तो सुरू झाला युक्रेन देशातून. तिथं हिशेबाचं आणि कराचं काम करणारं एक सॉफ्टवेअर पुष्कळ कंपन्या वापरत. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच विष मिसळलं. रोजच्या विश्वासातल्या दारानं व्हायरस आत गेला आणि जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरला. पडद्यावर सूचना आली की तीनशे डॉलर भरा, म्हणजे फायली परत मिळतील. तेव्हाच्या हिशेबानं ते साधारण १९ हजार रुपये. पण या व्हायरसची रचनाच अशी होती की पैसे भरूनही फायली सुटणार नव्हत्या. कुलूप लावलं होतं आणि किल्ली बनवलेलीच नव्हती.

मर्स्कला सुमारे दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. कंपनीनं नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर सांगितला. यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. जगभरातल्या त्यांच्या संगणकांची ओळख ठेवणाऱ्या मुख्य सर्व्हरांच्या सगळ्या प्रती व्हायरसनं खाल्ल्या. एकच वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशातली. का वाचली? तिथं त्या वेळी वीज गेली होती! सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता, म्हणून व्हायरस तिथं पोचला नाही. लोडशेडिंगला आपण आयुष्यभर नावं ठेवली, पण या कंपनीला त्यानंच तारलं.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. या बंदराच्या गोष्टीतून आपण तीन गोष्टी घ्यायच्या. एक, व्हायरस विश्वासातल्या दारानंही येतो. दोन, पैसे भरून सुटका होईलच असं नाही. तीन, जी प्रत संगणकापासून तोडून वेगळी ठेवलेली असते, तीच वाचते. या तीन गोष्टी लक्षात ठेवून पुढचं ऐका.

फसवा ईमेल कसा ओळखायचा

चोर दोन तऱ्हेनं येतो. एक दार वाजवून तुमच्याच हातून काढून घेतो. दुसरा मागच्या दारानं शिरून माळ्यावर लपून बसतो. आधी पहिल्याचं बोलू.

फसव्या ईमेलमध्ये तीनपैकी एक भावना चाळवलेली असते: भीती, हाव किंवा घाई. बहुतेक वेळा भीतीबरोबर घाई किंवा हावेबरोबर घाई. 'तुमचं खातं आज रात्री बंद होईल.' 'तुमचा आयकर परतावा मंजूर झाला आहे, चोवीस तासांत माहिती भरा.' 'तुमच्याविरुद्ध न्यायालयाची नोटीस आहे, सोबतची फाईल उघडा.' आमच्या भागात आता विमानतळ आलाय. अशा ठिकाणी 'विमानतळावर नोकरी पक्की, नोंदणीचे अडीच हजार भरा' असा ईमेल आला, तर घरात तरुण पोरगा किंवा पोरगी असलेल्या आईचं मन लगेच विरघळतं. चोराला आपली गरज ठाऊक असते, म्हणून तो गरजेच्याच नावानं हाक मारतो.

मग ओळखायचं कसं? पत्ता वाचायला शिका. ईमेलमध्ये वर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, ते कोणीही काहीही लिहू शकतं. पाकिटावर 'तहसील कार्यालय' असं लिहिलं म्हणून पत्र तहसीलदारांचं होत नाही. त्या नावावर टिचकी मारली की खरा पत्ता दिसतो. त्यात ॲट या चिन्हाच्या पुढचा भाग बघायचा आणि तो शेवटाकडून वाचायचा. सरकारी पत्त्याचा शेवट साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा असतो. पत्त्याच्या मध्येच कुठेतरी 'महाराष्ट्र' किंवा 'जीओव्ही' ही अक्षरं पेरली आणि शेवटी भलतंच काही आलं, तर तो पत्ता सरकारी नाही. माणसाचं आडनाव शेवटी असतं ना, तसंच हे. घराणं कळायचं तर शेवट बघा.

लिंकचंही तसंच. संगणकावर लिंकवर माउसचा बाण नुसता नेऊन ठेवला, टिचकी मारली नाही, की खाली कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो. वर लिहिलेलं एक आणि खाली उमटलेलं दुसरंच, असं दिसलं की हात मागे घ्या. काही जणी म्हणतात, पत्त्याजवळ कुलपाचं चित्र होतं. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या संकेतस्थळात चाललेलं बोलणं मधल्यामध्ये कोणी वाचू शकत नाही. समोर बसलेला प्रामाणिक आहे की चोर, हे ते कुलूप सांगत नाही.

२०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा तिच्या नावाची खोटी संकेतस्थळंही फिरू लागली. त्यावर आधार क्रमांक आणि बँकेची माहिती भरली की ती चोराच्या हाती. म्हणून कुठल्याही योजनेचं काम ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून करायचं नाही. अधिकृत पत्ता ग्रामपंचायतीत, अंगणवाडीताईंकडे किंवा सेतू केंद्रात विचारून घ्यायचा आणि स्वतः टाईप करायचा.

गटांसाठी आणखी एक फसवणूक धोक्याची आहे. समजा, तुमचा गट दरवेळी एकाच व्यापाऱ्याकडून मिरची आणि धणे घेतो. एक दिवस त्याच्या नावानं ईमेल येतो: 'आमचं बँक खातं बदललं आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका.' सोबत बिल, त्यावर त्याचंच नाव, रक्कमही बरोबर. अशा वेळी बहुधा त्या व्यापाऱ्याचा ईमेल कोणीतरी उघडून वाचत असतो, म्हणूनच त्याला रक्कम माहीत असते. इथे उपाय सोपा आहे. खातं बदलल्याचं कळलं की व्यापाऱ्याला फोन करायचा, आणि तोही आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर केला, तर चोरच उचलेल आणि गोड बोलून 'हो ताई, बदललंय' म्हणेल.

आणि हे पाठच करा: बँक, आयकर खातं, पोलीस, यांपैकी कोणीही ईमेलवरून पासवर्ड, ओटीपी किंवा पिन मागत नाही. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जातात. 'डिजिटल अटक' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. खरी नोकरी देणारा आधी आपल्याकडून पैसे घेत नाही.

लपून बसणारा व्हायरस

आता माळ्यावरच्या चोराकडे वळू. याला जाणकार मंडळी 'मालवेअर' म्हणतात. व्हायरस हा त्यातलाच एक प्रकार, पण बोलीत आपण सगळ्यांना व्हायरसच म्हणतो. यातले काही फायलींना कुलूप लावून खंडणी मागतात. काही गप्प बसतात आणि तुम्ही कीबोर्डवर जे जे टाईप करता ते टिपून लांब पाठवतात. त्यात बँकेचा पासवर्डही आला. काही तुमच्या संगणकाला वेठबिगार करतात आणि तुमच्या नकळत त्यावरून हजारोंना फसवे ईमेल पाठवतात. संगणक तुमचा, वीज तुमची आणि धंदा दुसऱ्याचा.

असा लपलेला चोर किती शांतपणे काम करतो, याचं मोठं उदाहरण पुण्याचं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत आधीच मालवेअर शिरून बसलं होतं. एटीएममधून कोणी पैसे मागितले की तो निरोप बँकेच्या मुख्य संगणकाकडे जातो, तिथं शिल्लक तपासली जाते आणि मग हो किंवा नाही असं उत्तर येतं. चोरांनी या वाटेत आपला खोटा द्वारपाल उभा केला. निरोप मुख्य संगणकापर्यंत पोचायचाच नाही, मधला द्वारपालच 'द्या' म्हणायचा. नकली कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, शिवाय १३ ऑगस्टला हाँगकाँगच्या एका खात्यात मोठी रक्कम गेली. एकूण ९४ कोटी रुपयांहून अधिक. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. तपासनिसांची फौज असलेल्या बँकेलासुद्धा चोर आत असल्याचं दिसलं नाही, मग आपण किती जागरूक राहायला हवं!

हा चोर घरच्या संगणकात कोणत्या वाटांनी येतो?

पहिली वाट ईमेलसोबतच्या फायलीची. फाईलच्या नावाच्या शेवटी एक टिंब आणि काही अक्षरं असतात. 'पीडीएफ' म्हणजे वाचायचा कागद, 'जेपीजी' म्हणजे फोटो, 'ईएक्सई' म्हणजे चालणारा प्रोग्राम. गंमत अशी की विंडोज ही शेवटची अक्षरं सहसा लपवून ठेवतं. त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असं नाव असेल, तर तुम्हाला दिसतं फक्त 'बिल डॉट पीडीएफ'. तुम्ही बिल समजून उघडता आणि प्रोग्राम चालू होतो. यावर उपाय एकदाच करायचा आहे. संगणकात फोल्डर उघडा, वर 'व्ह्यू' मध्ये जा आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' यापुढे खूण करा. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू' च्या आत 'शो' वर जाऊन तीच खूण सापडते. मग शेपूट लपत नाही.

दुसरी वाट वर्ड आणि एक्सेलच्या फायलींची. फाईल उघडली की वर पिवळी पट्टी येते आणि 'एनेबल कंटेंट' असं बटण दिसतं. फाईलच्या आत लपलेल्या आज्ञा चालवायची परवानगी ते मागत असतं. साध्या बिलाला किंवा यादीला अशा परवानगीची गरज नसते. ते बटण दाबू नका.

तिसरी वाट फुकटची. पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून फुकट वापरायचं, ही सवय पुष्कळ घरांत आहे. मुलं खेळ उतरवतात, दुकानदार टाकून देतो. पण ज्यानं कुलूप फोडून दिलं, त्यानं आपली एक किल्ली ठेवली नसेल कशावरून? अशी क्रॅक चालवताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते. हे म्हणजे चोरानं 'आधी कुत्रा बांधा' म्हणून सांगण्यासारखं. फुकटात हवं असेल, तर लिबरऑफिससारखं कायदेशीर मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात मराठी लिहिता येतं आणि हिशेबाचे तक्तेही होतात.

चौथी वाट पेनड्राईव्हची. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला आपला पेनड्राईव्ह दिला, तिथल्या संगणकातलं दुखणं घेऊन तो घरी आला. घरी लावल्यावर लगेच उघडू नका; त्यावर उजवी टिचकी मारून अँटिव्हायरसनं तपासून घ्या.

पाचवी वाट भीती दाखवणाऱ्या पाटीची. काही वाचत असताना अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजतो: 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा.' चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काही नाही. फोन केला की समोरचा एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं सॉफ्टवेअर टाकायला सांगतो. ही सॉफ्टवेअर मुळात कामाचीच आहेत, लांबून संगणक दुरुस्त करायला वापरतात. पण अनोळखी माणसाच्या हाती दिली की तुमचा संगणक तोच चालवतो. अशी पाटी आली की काही दाबू नका. ब्राउझर बंद होत नसेल, तर संगणकच बंद करा. फोनवरून फसवणं हा मोठा संघटित धंदा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा अमेरिकेतल्या लोकांना करखात्याचे अधिकारी म्हणून धमकावणारी शेकडो तरुण मंडळी तिथं पगारावर बसलेली सापडली. समोरचा माणूस पाठ केलेला कागद वाचत असतो, हे कळलं की आपली भीती निम्मी होते.

मोबाईलवाल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी याचंच भावंड म्हणजे 'एपीके' फाईल. लग्नपत्रिका म्हणून, गाडीचं चलन म्हणून ती व्हॉट्सॲपवर येते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते.

संगणकाची पंचसूत्री

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. तिथं 'नियमित' हा शब्द पाच वेळा येतो आणि गट त्याच्याच जोरावर टिकतो. संगणकालाही तीच शिस्त लावायची.

एक, नियमित अपडेट. सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडत राहतात आणि कंपनी ती बुजवत राहते. अपडेट म्हणजे ते लिंपण. पावसाळ्याआधी कौलं शाकारतो, तसं. तुम्ही म्हणाल, बंदरात तर अपडेटमधूनच विष आलं! खरंय, पण तसं क्वचित घडतं. आणि तोच व्हायरस पुढे पसरला तो ज्या भोकांतून, त्यातलं एक बुजवणारं अपडेट मार्च २०१७ मध्येच आलेलं होतं. ज्यांनी घेतलं नाही, त्यांचं दार उघडं राहिलं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या संगणकात तेच असेल, तर विंडोज ११ चालतं का ते जाणकाराकडून पाहून घ्या. ते होईपर्यंत त्यावर बँकेचं काम करू नका.

दोन, नियमित तपासणी. विंडोजमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' नावाचा पहारेकरी मोफत असतो. तो चालू आहे का बघा आणि आठवड्यातून एकदा 'स्कॅन' करा. आपल्या मराठी माणसांनी यात नाव काढलंय. सातारा जिल्ह्यातलं मूळ गाव असलेले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यांच्या भावानं, संजय यांनी व्हायरस काढायचा प्रोग्राम लिहिला आणि त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. कोणताही एक पहारेकरी ठेवा, पण एकच. दोन ठेवले तर ते आपसातच भांडतात आणि संगणक मंदावतो. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं, त्याच्या संकेतस्थळावर लपलेले व्हायरस काढायची साधनं मोफत मिळतात.

तीन, वेगळे पासवर्ड. मुलीचं नाव आणि जन्मसाल हा पासवर्ड पहिल्या पाच मिनिटांत सापडतो. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, लांबलचक होतील पण तुमच्या लक्षात राहतील. ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका, कारण बाकी सगळे पासवर्ड बदलायची वाट ईमेलमधूनच जाते. ईमेलला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' लावा. मग पासवर्ड चोरीला गेला, तरी तुमच्या मोबाईलवरच्या होकाराशिवाय दार उघडायचं नाही.

चार, वेगळी खोली. एकाच संगणकावर मुलांचा खेळ, धाकट्या दिरांचे सिनेमे आणि गटाचा हिशेब असतो. विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं काढता येतं. गटाच्या कामासाठी एक खातं, त्याला स्वतंत्र पासवर्ड. मुलांचं खातं 'स्टँडर्ड' ठेवा, म्हणजे नवं सॉफ्टवेअर टाकायला त्यांना मोठ्यांना विचारावं लागेल.

पाच, नियमित प्रत. घाना आठवा. दर मासिक बैठकीच्या दिवशी गटाच्या सगळ्या फायली एका पेनड्राईव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवायच्या आणि ती लगेच काढून पेटीत ठेवायची. संगणकाला जोडूनच ठेवली, तर व्हायरस तिलाही कुलूप लावेल. दोन पेनड्राईव्ह ठेवा, एका महिन्याला एक आणि दुसऱ्याला दुसरा. एक अध्यक्षांकडे, एक सचिवांकडे. 'प्रत घेतली' अशी ओळ बैठकीच्या वहीत लिहा. आणि कागदाची वही सोडू नका. बंदरातही शेवटी हातानंच नोंदी कराव्या लागल्या.

घडलंच, तर

सगळं सांभाळूनही एखादीवर वेळ येऊ शकते. तेव्हा काय करायचं, ते क्रमानं ऐका.

पैसे गेले असतील, तर सगळ्यात आधी १९३० या नंबरवर फोन करा. ही गृह मंत्रालयाची मदत यंत्रणा आहे. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. लवकर कळवलं तर वाटेतल्या खात्यात ते अडवता येतात. इथे मिनिटं मोलाची आहेत. 'संध्याकाळी हे घरी आल्यावर बघू' असं करू नका. सोबतच बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार देता येते.

बँकेच्या बाबतीत आपला हक्क माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असा नियम घातला की चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेचीही नसेल, तिसऱ्याच कोणाच्या कारस्थानानं पैसे गेले असतील आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा येत नाही. ओटीपी आपण स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झाली असली, तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे.

संगणकात व्हायरस शिरल्याचा संशय आला, तर आधी इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा किंवा वायर काढा. त्या संगणकावरून बँकेचं काहीही करू नका. दुसऱ्या चांगल्या मोबाईलवरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. ईमेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' बघा. तुमचे ईमेल गुपचूप तिसऱ्या पत्त्यावर जायची सोय चोरानं करून ठेवलेली असू शकते. खंडणी मागणारी पाटी आली, तर मोबाईलनं तिचा फोटो काढा, पैसे भरू नका, तक्रार द्या. संगणक पुसून नव्यानं भरावा लागेल, पण पेटीत प्रत असेल तर गटाचा हिशेब शाबूत राहील. आणि सगळ्या सभासदांना त्याच दिवशी सांगा, कारण त्यांच्याही आधारकार्डांचा प्रश्न आहे.

आता सगळ्यात जड गोष्ट. फसवणूक झालेल्या बाईला पैशापेक्षा जास्त लागतं ते घरच्यांचं बोलणं. 'तुला कोणी सांगितलं होतं संगणकाला हात लावायला?' हे वाक्य ऐकावं लागेल, या भीतीनं कितीतरी जणी गप्प बसतात. तोवर पैसे हातचे निघून जातात. पुढे त्या बाईचा हात संगणकावरून कायमचा निघतो, हिशेब पुन्हा कोणा भावाच्या किंवा मुलाच्या हाती जातो आणि गट पुन्हा परावलंबी होतो. ज्या चोरांनी बँका आणि बंदरं थांबवली, त्यांनी एखाद्या गृहिणीला फसवलं, तर दोष चोराचा. कायद्यातही तसंच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली संगणकाच्या आधारे दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फसलेलीला नाही.

म्हणून आमची विनंती आहे, तुमच्या गटात एक ठराव करा. फसवणूक झाल्याचं जी सभासद त्याच दिवशी सांगेल, तिला कोणी टोमणा मारणार नाही. तिच्याबरोबर दोघीजणी बँकेत आणि पोलीस ठाण्यात जातील. कर्जाला आपण एकमेकींच्या जामीन राहतो, मग इथेही राहू.

येत्या बैठकीला एवढं करा. १९३० हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून संगणकाच्या वर चिकटवा. एकीनं सगळ्यांसमोर फाईलचं शेपूट दिसायची खूण करून दाखवा. एकीनं आपल्याला आलेला एखादा संशयी ईमेल वाचून दाखवा, लिंक न दाबता, आणि बाकीच्यांनी त्यातली भीती, हाव आणि घाई शोधा. मग पहिली प्रत काढा, पेनड्राईव्ह पेटीत टाका आणि बैठकीच्या वहीत तशी ओळ लिहून सह्या करा.

पुन्हा भेटू. तोवर नमस्कार!